जेवणानंतरच्या पायऱ्या : ज्येष्ठांच्या एका खाद्य-दर्शन सहलीचा प्रकरण अभ्यास

हा अभ्यास पाच दिवसांच्या एका सहलीत तिसऱ्या दिवशी दुपारी घडलेल्या घटनेचा आहे. सहलीत १८ प्रवासी होते. त्यांतील सर्वांत लहान ६३ वर्षांचे, तर सर्वांत ज्येष्ठ ८१ वर्षांच्या होत्या. सोबत शहराची माहिती सांगणारा एक गाइड होता आणि संयोजनाची जबाबदारी माझ्याकडे होती. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून शहराचे, वास्तूंचे आणि पदार्थांचे तपशील वगळले आहेत. घटना समजण्यासाठी त्यांची फारशी गरजही नाही, कारण जे घडले ते कोणत्याही जुन्या शहरात, कोणत्याही चालीच्या भरपेट जेवणानंतर घडू शकले असते.

सहलीचा हेतू दुहेरी होता. शहर पाहायचे आणि तिथले खाणे चाखायचे. आखणी करताना मी या दोन गोष्टींचे दोन वेगळे तक्ते केले, एक स्थळांचा आणि एक खाण्याच्या ठिकाणांचा, आणि मग ते एकमेकांत गुंफले. मूळ चूक तिथेच झाली, असे आज मला वाटते. जेवण म्हणजे विश्रांती आणि दोन स्थळांमध्ये जेवण घातले की आपोआप दम खाल्ला जातो, असे मी गृहीत धरले होते. उतारवयातल्या शरीराला मोठे जेवण पचवणे हे स्वतंत्र काम असते, आणि ते काम चालू असताना दुसरे जड काम त्याच्यावर लादता येत नाही, हे माझ्या हिशेबात नव्हते.

तिसऱ्या दिवसाचा क्रम

सकाळी ९ वाजता निवासस्थानाहून निघून जुन्या बाजारात पाच ठिकाणी थोडे थोडे चाखत चालायचे, साडेबाराला बसून पूर्ण जेवण घ्यायचे, पावणेदोनला जवळच्या एका उंच वास्तूच्या माथ्यावर जायचे आणि चार वाजता संग्रहालय पाहायचे, असा कार्यक्रम होता. वास्तूला १४० पायऱ्या होत्या. तिथला प्रवेश तीन वाजता बंद होत असल्यामुळे जेवण उरकताच तिकडे जाणे सोयीचे वाटले होते.

सकाळपासूनच वेळ घसरत गेली. नकाशात पहिल्या दोन ठिकाणांमधले अंतर ८०० मीटर होते. ताशी ५ किलोमीटरचा वेग धरला तर त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. आम्हाला २५ मिनिटे लागली, कारण दोघांचे गुडघे दुखत होते, फरसबंदी उंचसखल होती, रस्ता ओलांडताना गट दुभंगत होता आणि पुढचे मागच्यांसाठी थांबत होते. उभे राहून थांबणे हेही त्यांच्यासाठी श्रमच होते. या उशिराचा आणखी एक परिणाम मला संध्याकाळी कळला. तिसऱ्या ठिकाणच्या यजमानांनी आमच्या ठरलेल्या वेळेला ताटल्या भरून ठेवल्या होत्या आणि त्या पाऊण तास तशाच उघड्यावर होत्या. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जितका वेळ राहील तितकी जंतूंना वाढायला संधी मिळते, आणि दोन तासांहून जास्त वेळ तसे राहिलेले अन्न टाकून द्यावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आम्ही त्या मर्यादेच्या आत होतो. मात्र उतारवयात रोगप्रतिकारशक्ती मंदावलेली असते, आणि पित्तासाठी आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या नियमित घेणाऱ्यांच्या जठरातला आम्लाचा पहाराही ढिला पडलेला असतो. गटात अशा गोळ्या घेणारे पाच जण होते. चालण्याचा अंदाज चुकला की त्याचा परिणाम थेट ताटापर्यंत पोहोचतो.

घटना

दोन वाजण्याच्या सुमारास, साठाव्या पायरीच्या आसपास, ७२ वर्षांच्या एक प्रवासी भिंतीला हात टेकून थांबल्या. त्यांना लागोपाठ जांभया येत होत्या, हे मागून येणाऱ्या सहप्रवाशाने नंतर सांगितले. मानेमागे गार वाटते आहे, असे म्हणत त्या भिंतीला घासत खाली बसल्या आणि त्यांची शुद्ध हरपली. हाकेला प्रतिसाद यायला साधारण २० सेकंद लागले.

गटात एक निवृत्त परिचारिका होत्या. त्या क्षणी खरे नेतृत्व त्यांनी केले आणि ते माझ्याकडून झाले नसते, हे मी इथे नोंदवून ठेवतो. मी बाईंना उठवून बसवायला पुढे झालो होतो, तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, “उठवू नका, आडवंच राहू द्या.” त्यांनी दोघांच्या मदतीने बाईंना पायऱ्यांमधल्या सपाट टप्प्यावर आडवे केले, पायाखाली दोन पिशव्या रचून पाय उंच केले आणि नाडी पाहिली. पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलू लागेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही घालू दिला नाही, कारण अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. मग त्यांनी क्रमाने विचारले : डोके आपटले का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, छातीत दुखते आहे का, दोन्ही हात सारखे उचलता येतात का, बोलताना जीभ जड वाटते का. डोके आपटले असते आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असते, तर वरकरणी सगळे ठीक दिसत असतानाही तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक ठरले असते. सुदैवाने मनगट खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते.

त्यांना खाली आणायला ४० मिनिटे लागली. जिना अरुंद होता, वरून उतरणारे लोक थांबवावे लागले, आणि खुर्ची कुठून आणायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. चढण्याआधी मी पायऱ्या मोजल्या होत्या, पण कोणाला खाली आणायची वेळ आली तर काय करायचे, याचा विचार केला नव्हता.

जवळच्या दवाखान्यात रक्तदाब ९८/६० भरला. त्यांच्या वहीत घरच्या नोंदी १३०च्या आसपास होत्या. रक्तातील साखर आणि हृदयाचा आलेख यांत दोष आढळला नाही. जेवणानंतर रक्तदाब उतरणे आणि शरीरात पाणी कमी असणे या दोहोंचा हा एकत्रित परिणाम असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन तास सलाइन लावून, घरी गेल्यावर नेहमीच्या डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळांविषयी विचारा, असे सांगून त्यांनी सोडले.

“ऊन लागलं असेल”

गटात सुरुवातीला दोन स्पष्टीकरणे फिरत होती, ऊन आणि वय. मला दोन्ही अपुरी वाटली. ऊन फारसे नव्हते आणि जिना आतून, सावलीतून जात होता. वयाचे म्हणाल, तर याच बाई आदल्या सकाळी दुसऱ्या एका वास्तूच्या ११० पायऱ्या न थांबता चढल्या होत्या आणि घरी रोज तीन मजले चढतात. त्याच व्यक्तीला, जवळजवळ तेवढ्याच पायऱ्या एके दिवशी सहज जमल्या आणि दुसऱ्या दिवशी जमल्या नाहीत. म्हणजे शोधायचा फरक त्या दोन चढणींच्या आधीच्या तासाभरात होता. पहिली चढण हलक्या न्याहारीनंतर दीड तासाने झाली होती, तर दुसरी भरपेट जेवणानंतर ४० मिनिटांनी.

जेवल्यावर पचनासाठी पोटाकडे जास्त रक्त वळते. तरुण शरीर त्याची भरपाई लगेच करते : हृदय थोडे जोरात चालते, इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब टिकून राहतो. वाढत्या वयात ही भरपाई मंदावते. जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरला, तर वैद्यकशास्त्र त्याला जेवणोत्तर रक्तदाबघट मानते. ही घट बहुधा अर्ध्या ते एक तासाच्या टप्प्यात सर्वाधिक असते. जेवण जितके मोठे, गरम आणि पिष्टमय किंवा गोड, तितकी ती वाढते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तिच्यात भर घालू शकतात, आणि पाणी कमी प्यायलेले असले तर प्रश्न आणखी बिकट होतो. अशा वेळी पायऱ्या चढायला लागले की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायूही रक्त मागतात. पोट आणि पाय दोघेही एकाच वेळी ओढत असताना मेंदूच्या वाट्याला काही क्षण कमी पडते, तेवढ्यात भोवळ येते.

संध्याकाळची बैठक

त्या संध्याकाळी आम्ही सर्व जण दीड तास बोललो. मी फक्त एक प्रश्न विचारला : आज सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत तुम्ही काय खाल्ले, काय प्यायलात आणि कोणत्या गोळ्या केव्हा घेतल्या? या बैठकीत जे कळले, ते नावनोंदणीच्या अर्जातून कधीच कळले नसते.

बहुतेकांनी न्याहारी जवळजवळ टाळली होती, कारण बाजारात पाच ठिकाणी खायचे म्हणून भूक राखून ठेवावी, असे त्यांना वाटले. त्यांतल्या ६८ वर्षांच्या एका मधुमेही काकांनी साखर उतरवणारी गोळी मात्र नेहमीप्रमाणे आठ वाजता घेतली होती. दहाच्या सुमारास त्यांचे हात थरथरू लागले, घाम सुटला आणि त्यांनी कोणाला न सांगता खिशातली गोळ्या-चॉकलेटे खाल्ली. मधुमेहाच्या काही गोळ्या खाणे झाले किंवा नाही, तरी इन्शुलिन स्रवायला लावतात. रक्तातील साखर दर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर सुमारे १५ ग्रॅम साखर घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, हा प्रथमोपचार काकांना पक्का माहीत होता. गटाचा खोळंबा होऊ नये म्हणून ते गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे प्रत्यक्षात एक घटना आणि एक थोडक्यात टळलेली घटना होती, आणि दुसरीची मला गंधवार्ताही नव्हती.

पाण्याबद्दल काकूंनी, म्हणजे ज्यांना भोवळ आली त्यांनी, सरळ सांगितले की नऊ ते साडेबारापर्यंत वाटेत स्वच्छतागृह नव्हते, म्हणून त्या पाणी प्यायल्याच नाहीत. त्यांनी असे सांगताच आणखी सात जणींनी आणि चार जणांनी तसेच केल्याचे कबूल केले. वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते आणि मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही घटते, त्यामुळे शरीर वेळेवर इशारा देत नाही. त्यात काकू सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या. स्वच्छतागृह नसणे हा गैरसोयीचा मुद्दा आहे, असे मी समजत होतो. तो वैद्यकीय मुद्दा निघाला.

आणि खाणे? पाच ठिकाणी ‘फक्त चव’ म्हणून जे दिले गेले, त्याची बेरीज केली तर साडेबाराच्या आधीच एक पूर्ण जेवण झाले होते. यजमान प्रेमाने वाढतात, समोर उभे राहून पाहतात, आणि वयस्कर माणसाला पानात टाकणे जड जाते. त्यानंतर पुन्हा बसून जेवण झाले, शेवटी गोड झाले. उपाशी राहिलेल्या, तहानलेल्या शरीरावर काही तासांत दोन जेवणे आणि लगेच १४० पायऱ्या, अशी ती आखणी होती. ती मी केली होती.

उरलेले दोन दिवस

रात्रीच आम्ही चौथ्या दिवसाचा क्रम उलटा केला. चढण, चालणे आणि उन्हातले जे काही असेल ते सकाळी, हलक्या न्याहारीनंतर तासाभराने. चवीची ठिकाणे पाचऐवजी तीन, आणि तीनही ठिकाणी पाठ टेकता येईल अशी खुर्ची व स्वच्छतागृह असायलाच हवे. प्रत्येक ठिकाणी दोघांत एक ताटली, आणि ती आम्ही पोहोचल्यावरच भरायची, हे यजमानांना फोन करून आधीच सांगितले. जेवणाआधी प्रत्येकाने एक-दीड पेला पाणी प्यायचे, कारण त्याने जेवणानंतरची रक्तदाबाची घट सौम्य होते. ज्यांना हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याची मर्यादा घालून दिलेली होती, अशा दोघांना यातून वगळले. गोळ्यांच्या वेळांत आम्ही कोणीही हात घातला नाही. तो निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा.

जेवणानंतरचे दीड तास बसून घालवायचे ठरले, पण ते रिकामे ठेवायचे नव्हते. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्या घरी जेवलो, त्यांनी त्याच खोलीत मसाले आणि सुकवलेली पाने-फुले मांडली, एकेक वस्तू हातोहात फिरवली आणि स्वयंपाकाची कृती समोर करून दाखवली. वयानुसार जिभेपेक्षा नाकाची शक्ती अधिक घटते, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग खरे तर वासाचा असतो. बाजारात घाईने उभ्याने खाताना अनेकांना सगळे पदार्थ सारखेच लागले होते. इथे आधी जिन्नस चुरडून हुंगला, मग त्याचा घास घेतला, तेव्हा ८१ वर्षांच्या आजींना दोन दिवसांत पहिल्यांदा दोन पदार्थांतला फरक स्पष्ट जाणवला. गाइडचे बोलणेही पहिल्यांदाच सर्वांपर्यंत पोहोचले. वयपरत्वे आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, व्यंजने पुसट होतात, आणि गोंगाटात वाक्यातले निम्मे शब्द हरवतात. बाजारातला इतिहास त्याने मन लावून सांगितला होता, पण तो चौघांनीच ऐकला होता.

सगळे जमले असे नाही. जेवणानंतर पहिल्यांदा असे बसलो तेव्हा लाकडी बाकांवर दीड तास बसून अनेकांची कंबर धरली आणि उठताना दोघांना आधार द्यावा लागला. बसणे म्हणजे कुठेही टेकणे नव्हे; हात असलेली, योग्य उंचीची खुर्चीच लागते. संग्रहालयासाठी तासभरच उरला आणि ज्यांना चित्रदालन मन लावून पाहायचे होते, ते नाराज झाले. उजेडातून अंधाऱ्या दालनात शिरताना डोळे सरावायला वयस्करांना जास्त वेळ लागतो, म्हणून दाराशी दोन मिनिटे थांबण्याचा नियम केला, तोही घाईत दोनदा मोडला गेला. उतरणीच्या पायऱ्यांवर प्रोग्रेसिव्ह भिंगांचे (वरून दूरचे, खालून जवळचे दाखवणारे) चष्मे घालणाऱ्यांना खालच्या भिंगातून पायरीची कड अस्पष्ट दिसते, हे एका प्रवाशानेच आम्हाला दाखवून दिले. नंतर उतरताना आम्ही त्यांच्या पुढे एक जण ठेवू लागलो.

चौथ्या दिवशी सकाळी ७४ वर्षांच्या एका गृहस्थांनी आक्षेप घेतला आणि तो गंभीरपणे घ्यावा असाच होता. आपण इथे हिंडायला आलो आहोत, रुग्ण म्हणून नव्हे, आणि एकीला भोवळ आली म्हणून सर्वांना बसवून ठेवणे बरोबर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते रोज ६ किलोमीटर चालतात. त्यांचे म्हणणे मला पटले. १८ ज्येष्ठ म्हणजे एक वय नव्हे. ६३ आणि ८१ यांत १८ वर्षांचे अंतर आहे, आणि दोन ७० वर्षांच्या व्यक्तींत त्याहून मोठे अंतर असू शकते. म्हणून दुपारचा कार्यक्रम दोन वाटांचा केला. ज्यांना जायचे होते, असे सहा जण गाइडबरोबर सपाट रस्त्याने नदीकाठी गेले. उरलेले बसले. मात्र कोण कुठे जाणार, हे मी ठरवले नाही. पुढे किती अंतर, किती पायऱ्या, कुठे बसता येईल आणि मध्येच परतता येईल की नाही, एवढे सकाळीच सांगितले आणि निवड त्यांच्यावर सोडली. मधुमेही काका बसणाऱ्यांत राहिले, आणि या वेळी त्यांनी कारणही उघडपणे सांगितले.

परतल्यावर नावनोंदणीचा अर्ज बदलला. ‘आपणांस काही आजार आहे का?’ या प्रश्नाला १८ पैकी ११ जणांनी ‘नाही’ असे लिहिले होते. त्यात काकूही होत्या. रक्तदाबाची गोळी दहा वर्षे चालू असली की तो माणसाला आजार वाटत नाही, आणि खरे लिहिले तर सहलीला घेणार नाहीत ही भीतीही असते. आता आम्ही विचारतो : न थांबता किती पायऱ्या चढता आणि उतरता? किती वेळ उभे राहू शकता? किती वेळाने स्वच्छतागृह लागते? सकाळच्या गोळ्या खाण्याआधी की नंतर? कोणता घास चावायला किंवा गिळायला त्रास होतो? डॉक्टरांनी काय वर्ज्य सांगितले आहे? या शेवटच्या प्रश्नामुळे पुढच्याच गटातल्या, रक्त गोठू न देणारे वॉरफरिन घेणाऱ्या एका प्रवाशाविषयी आधी कळले. अशा व्यक्तीने हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवायचे असते, आणि पालेभाज्यांनीच भरलेली एक पंगत आमच्या कार्यक्रमात होती.

पाचव्या सकाळी काकूंनी विचारले की तो राहिलेला माथा आता पाहता येईल का. निवृत्त परिचारिकांनी त्यांचा रक्तदाब बसून आणि उभे राहून मोजला, त्यात फरक नव्हता. आम्ही साडेसातला थोडे खाऊन, पाणी पिऊन निघालो आणि नऊला पायथ्याशी पोहोचलो. मी या वेळी आधी पहारेकऱ्याला भेटून खुर्ची कुठे ठेवतात ते पाहून घेतले. काकू तीन टप्प्यांवर थांबल्या, वर अर्धा तास बसल्या आणि उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशीचे जेवण आम्ही एक वाजता, सगळे पाहून झाल्यावर ठेवले होते.